कपाटातलं वायफाय

…नाही नाही, बेल वाजवू नकोस, घरात कोणी नाही त्यांच्या. नर्सबाई ड्युटीवर आणि मुलगी कुठेतरी बाहेर गेलीय, येईल अर्ध्या तासात — पाऊण तास धर. तोवर जिन्यात उभा राहून काय करणार? आत ये. ये म्हणतो ना! इंटरनेट कंपनीचाच ना तू? खांद्यावर वायरचं वेटोळं आहे, म्हणजे दूधवाला तर नसशील. बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो — ह्या. आणि मिस्तरी म्हटलं तर चालेल ना तुला? हल्ली कोणाला काय म्हटलेलं लागेल सांगता येत नाही. पूर्वी माणसाला माणूस म्हटलं तरी भागायचं.

तर मिस्तरी, त्यांचं बघायला आलाच आहेस तर माझंही बघून दे. तक्रार दिलेली नाही मी. पण पाच मिनिटांनी तुझे हात झिजणार नाहीत. माझं वायफाय पक्कं करून दे. असा पासवर्ड टाक की कोणाच्या बापाला उघडता येऊ नये. — राऊटर कुठे आहे म्हणजे? हे काय, तुझ्यासमोर. कपाटात. हसतोस काय? किल्ली काढतो, थांब. — हे बघ. वरच्या खणात. दिवे बघ कसे लुकलुकतात, एक दिवस बंद पडलेलं नाही. — हो, कुलूप लावून ठेवतो. का नाही ठेवणार? चौतीस वर्षं गोदामावर होतो मी. शाळा तिसरीपर्यंत, पण दोनशे कुलपांमधली कोणती किल्ली कोणाची, ते डोळे मिटून सांगायचो. एक खिळा गेला नाही माझ्या वेळेला. मुलाने दूर नोकरीला जाताना हा डबा बसवून दिला, म्हणाला, बाबा, ह्यातून नेट हवेत सुटतं, घरभर पसरतं. मी म्हटलं, घरभर पसरतं तर भिंतीपाशी थांब असं त्याला कोण सांगणार? बरोबर आहे की नाही? तो म्हणाला, पासवर्ड असतो. म्हटलं, कुठे असतो? तर डब्याच्या पोटाला, चिकटवलेल्या कागदावर! म्हणजे कुलूप लावायचं आणि किल्ली कडीलाच टांगून ठेवायची. त्याचं विमान उडालं आणि इकडे मी ब्लेड घेऊन तो कागद खरवडून काढला. मग डबा कपाटात, मागून ड्रिलने भोक पाडून वायर आत घेतली, आणि वरून कुलूप. म्हटलं, आता या चोरांनो.

हस, हस. पोटभर हसून घे. लोखंडातून ते बाहेर पडत नाही, हेच सांगणार आहेस ना? मला कळलंय. दोन दिवसांपूर्वीच कळलंय. वरच्या खणात सगळ्यात चांगलं नेट आहे माझ्याकडे, जुन्या चादरींना मिळतं.

आता तू विचारशील, मग आजोबा, दोन वर्षं तुम्ही फोनवर नातीला बघत होतात ते कशावर? — नाही विचारलंस? मनात आलंच असेल. चेहऱ्यावर दिसतंय तुझ्या. आधी तू तो डबा बाहेर काढ, कुठे ठेवायचा तिथे ठेव. कपाटावर? बरं, कपाटावर. पासवर्ड नाही रे माझ्याकडे, सांगितलं ना, खरवडला. वाचलाही नव्हता — सगळी बारीक इंग्रजी अक्षरं. टाचणी? टाचणी कशाला? अच्छा, त्या भोकात टोचायचं म्हणजे सगळं पहिल्यासारखं. माणसाला असं भोक असतं तर बरं झालं असतं. घे, टाचणी घे.

शेजाऱ्यांचं काय विचारतोस? चांगली माणसं आहेत. — नाही, खरं सांगू? आठवड्यापूर्वी विचारलं असतंस तर म्हटलं असतं चोर आहेत. म्हटलंच होतं. नुसतं म्हटलं नव्हतं, पुठ्ठ्यावर लिहून जिन्यात लावलं होतं — “दुसऱ्याचे नेट चोरणाऱ्यांनी लाज बाळगावी.” शब्द वाण्याकडून लिहून घेतले, माझं अक्षर कोंबडीचे पाय. खाली बाण काढला होता. बाण मीच काढला. त्यांच्या दाराकडे. सगळ्या मजल्यांवरची माणसं येता-जाता वाचत होती.

पुरावा होता ना माझ्याकडे! सांगतो, तूच सांग तुला काय वाटलं असतं. रोज संध्याकाळी सहाला मुलगा फोन लावतो, चेहरा दिसतो तसला. नात येते समोर, पाच वर्षांची आहे, तोंड एवढंसं आणि बडबड एवढी. दिवसा मी काहीही लावलं तरी झकास चालायचं. आणि सहाला, नर्सबाई आणि ती लांबडी — मुलीला मी लांबडी म्हणतो, उंच आहे, दाराच्या चौकटीला डोकं लागतं — दोघी घरी आल्या, त्यांचा टीव्ही लागला, की माझी नात अडकलीच! तोंड उघडं, हात वर, नुसती मूर्ती. भिंतीपलीकडे त्या हसतायत आणि इकडे माझी नात मूर्ती. त्या बाहेरगावी गेल्या की फोन ठणठणीत. परत आल्या की पुन्हा मूर्ती. एकदा नाही, दोनदा नाही, महिनोन्महिने ताडून बघितलं. गोदामात असंच पकडायचो मी — कोण आत असताना माल कमी होतो तेवढं बघायचं. दुसरं काही बघावं लागत नाही. चौतीस वर्षांत एकदाही चुकलो नाही.

तर पुठ्ठा लावला. नर्सबाई आल्या दारात, डोळे लाल, ड्युटीवरून आलेल्या. म्हणाल्या, “काका, हे आमच्यासाठी आहे का?” मी म्हटलं, “ज्याला टोचेल त्याच्यासाठी.” लांबडी मागून म्हणाली, “आजोबा, तुमचं नेट आम्हाला कपाटातून गळ टाकून काढावं लागेल.” खवचट आहे कार्टी. मी म्हटलं, “तोंड सांभाळ.” त्यावर ती काहीतरी बोलणार होती, तर आईने तिचा दंड धरला — असा, घट्ट — आणि नुसती मान हलवली. नको, म्हणून. मला वाटलं, सापडल्या, आता काय बोलणार. अरे, ती नको का म्हणाली ते — जाऊ दे. बघ तू. झालं का सुरू?

हा फोन? हा घे. आमच्या हिचा आहे. होता. गेल्या वर्षी गेली ती. त्याआधी वर्षभर आतल्या खोलीत पडून होती, कंबरेतून उठता येत नव्हतं. माझा स्वतःचा तो बटणांचा, त्यावर नुसतं बोलता येतं. चेहरा दिसतो तो हाच. — बघ, तूच वाच मोठ्याने, कोणत्या वायफायला लागतो हा? बघ ना. — हं. त्यांचंच नाव. मुलगा खोटं बोलला नाही तर. मला वाटत होतं, एखाद वेळी खोटं असेल. असावं, असं वाटत होतं.

सांगतो. ही पडून होती ना, तेव्हा नात नुकती बोलायला लागली होती, आणि हिला दुसरं काही नको होतं, नुसतं तिला बघायचं होतं. आणि माझं वायफाय इथे कुलपात, आणि ही तिथे आत. काही लागायचं नाही. मी म्हणायचो, फोन खराब आहे. म्हणायचो, मुलाकडचंच नेट भिकार आहे. ही एकदा म्हणाली, कपाट उघडून ठेवून बघू या का? मी ओरडलो. पडलेल्या माणसावर ओरडलो मी, की तुला काय कळतं त्यातलं. आणि मग एक दिवस लागायला लागलं. आपोआप. मी म्हटलं, बघ, झालं की नाही? कुलपाने काही होत नसतं. ही हसली होती. अरे, ती लांबडी यायची दुपारी, हिची वेणी घालायला, पाय चेपायला. तिने त्यांचा पासवर्ड टाकून दिला होता हिच्या फोनमध्ये. आणि हिने दोघींकडून वचन घेतलं होतं, ह्यांना सांगायचं नाही, त्यांना फार लागतं. मुलालाही तेच सांगून ठेवलेलं. सगळ्यांना ठाऊक होतं, मिस्तरी. कपाटाला आणि मलाच ठाऊक नव्हतं.

आणि पुठ्ठ्यानंतरही त्यांनी बंद केलं नाही. हे समजतंय का तुला? तूच म्हणालास आत्ता, पासवर्ड बदलला की झालं, सगळे बाहेर. त्यांनी एवढंच करायचं होतं. जिन्यात चोर लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला एका बोटाने बाहेर काढता आलं असतं. काढलं नाही.

पाणी देऊ? नको? मला प्यायचंय.

आता तुझ्या कामाचं बोलू. बाहेर त्यांची वायर बघितलीस ना तू, माझ्या चौकटीवरून गेलीय ती? तुटलीय. मंगळवारपासून. मला वाटतं उंदीर. उंदीर फार झालेत ह्या इमारतीत — हे एवढाले. तर तू कागदावर उंदीर लिहून टाक, नवी वायर ओढ, माणसं सुखी. — काय? — सरळ आहे म्हणजे? उंदीर सरळ कुरतडत नाही असं कोणी सांगितलं? एखादा असतो. — बरं. बरं, कुरतडत नाही. तुझेही केस पिकलेत, तुला फसवता येणार नाही मला, ठाऊक होतं. दाराची फट लोट जरा.

मी कापली. बस?

सोमवारी संध्याकाळी नातीचा पहिला दात हलत होता. ती जिभेने हलवून दाखवत होती मला, आणि मध्येच मूर्ती. आणि भिंतीपलीकडे हसणं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. म्हटलं, माझ्या चौकटीवरूनच ही वायर का जाते? म्हणजे माझ्यातूनच काढलीय! सकाळी अकरा वाजता, दोघी गेल्या असतील असं बघून — हो, असं बघूनच; समोरून करायची हिंमत नव्हती — स्टुलावर चढलो आणि पक्कडीने कट. एकाच दणक्यात. हात अजून शाबूत आहेत माझे. त्यांच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता, त्याकडे बघितलं मी, चष्मा नव्हता, वाचायला वेळ लागतो मला, म्हटलं, माझ्या पुठ्ठ्याला उत्तर देतात काय! आणि आणखीच चेव आला. नंतर वाचला. “मुलाखत चालू आहे, कृपया बेल वाजवू नये.”

लांबडी आत होती, हे स्टुलावर चढल्यावर कळलं. आवाज येत होता तिचा, दाराशी कान न लावताही. छान बोलत होती, सावकाश, एकेक शब्द निवडून, आमच्याशी बोलते तशी नाही. आणि मग — “हॅलो? हॅलो? ऐकू येतंय का तुम्हाला? सर?” मी स्टुलावरच होतो. “सर, हॅलो?” असं किती वेळा म्हणाली असेल. मग दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट वर आणि खाली घरातला पायजमा, कॅमेऱ्यात तेवढंच दिसतं ना. मी पक्कड पाठीमागे धरली. ती म्हणाली, “आजोबा, तुमचं चालू आहे का नेट? माझं गेलं, मोबाइलवरही नेट पकडत नाही, प्लीज, दहा मिनिटं द्याल का?” मी काय म्हटलं असेल, सांग. मी म्हटलं, “माझं कशाला जाईल? पण पासवर्ड कोणाला देत नाही मी.” आणि दार लावून घेतलं. हे असं. संध्याकाळी सहाला फोन उघडतो तर नात नाही, काही नाही, कोरा. तेव्हासुद्धा कळलं नाही मला! मी कंपनीला शिव्या घातल्या. गुरुवारी मुलाने साध्या फोनवर विचारलं, बाबा, शेजारच्यांची वायर तुटलीय का? मी म्हटलं, तुला कसं कळलं? मग त्याने सगळं सांगितलं. म्हणाला, जाऊन सांगा त्यांना. आज शनिवार. तीन वेळा दारापर्यंत गेलो. एकदा तर बेलवर बोट होतं.

— त्या मुलाखतवाल्यांचं काय म्हणतोस? लेखी हवंय? तक्रारीत लिहिलंय तिने? दाखव. मला नको, तू वाच. — हं. — जोडणी का तुटली त्याचा कंपनीचा दाखला दिला तर सोमवारी पुन्हा घेतील. — मग दे ना! लिही की तुटली म्हणून! — का? — सरळ काप असला तर घरातल्याच माणसाने कापली असं धरतात? म्हणजे ते लोक म्हणतील, घाबरली असेल, स्वतःच कापली असेल? असं कुठे असतं का? — असतं. बरोबर आहे. मीही हेच म्हटलं असतं. गोदामात हेच म्हणायचो मी.

थांब, पुढेही आहे ना काही लिहिलेलं? बोट कुठे ठेवलंस तू, बोट काढ. माझ्याबद्दल आहे? पोलीस वगैरे? वाच. मी काही रडणार नाही, वाच. — “शेजारी एकटे वृद्ध गृहस्थ राहतात. तेही याच जोडणीवर आहेत. त्यांचा कुटुंबाशी संपर्क तुटला आहे. कृपया लवकर यावे.” — परत वाच. — नको. नको वाचूस. कधी दिलीय ही तक्रार? मंगळवारी. दुपारी बारा. म्हणजे मी दार लावून घेतलं, त्यानंतर तासाभराने.

तुमच्या लोकांनी चार दिवस लावले, ते एक असो.

कागद काढ. तो दाखला का काय, तो काढ. मी सांगतो तसं लिही. लिही — वायर शेजाऱ्याने कापली. पक्कडीने. मुद्दाम. — “मुद्दाम” लिहायचंच. “चुकून” लिहिलंस तर सही करणार नाही. आणि घर नंबर घाल माझा. आणि लिही की त्या घरातल्या कोणाचा काही दोष नाही, मुलगी आत बोलत होती आणि चांगलं बोलत होती. — हे कागदात बसत नाही? खाली लिही, समासात लिही, जागा काय भाड्याने घेतलीय तुझ्या कंपनीने? दे इकडे पेन. सहीला वेळ लागतो मला, घाई करू नकोस… हं. आली. वाकडी आहे पण माझीच आहे, बँकेत चालते.

आणि त्या फोनमधून त्यांचं नाव पुसून टाक. माझ्या डब्याला जोड. पासवर्ड — तूच ठेव काहीतरी, लांबलचक, अक्षरं-आकडे मिसळून, मला लिहून दे, मी पाठ करेन. मुलाचा वाढदिवस, फोन नंबर असलं काही नको, ते कोणीही ओळखतं, तूच म्हणालास. झालं? दाखव. — हो. लागतंय. पहिल्यांदा माझ्या स्वतःच्यावर लागतंय. कपाट उघडं टाकून. आमच्या हिने एवढंच सांगितलं होतं.

श्श. ऐक. जिन्यात. — तीच. दोन-दोन पायऱ्या चढते, लांब तंगड्या. मिस्तरी, तू तो कागद — नाही, तुझ्याकडे नको, माझ्याकडे दे. तू दिलास तर कंपनीचा कागद होईल. तू सांगणार आहेस का तिला? नाही ना? काही बोलू नकोस. माझं मला सांगू दे. म्हणजे — सुरुवात कशी करायची? “लांबडे” म्हणू? आज तिला नावाने हाक मारायला हवी. आमची ही मारायची नावाने.

दार उघड. पूर्ण उघड.

थांब गं. किल्ली लावू नकोस अजून. हा माणूस तुमचीच वायर जोडायला आलाय, जोडेल — मीच आत बोलावलं होतं त्याला. तू जरा — नाही, आत नको येऊस, मीच येतो बाहेर. हे वाच. माझ्याकडे नको बघू, वाच आधी.

मिस्तरी, तू जा खाली. चहा पी जा टपरीवर. जा म्हणतो ना! ती वाचून होईपर्यंत कोणी इथे उभं राहायचं नाही, माझ्याशिवाय.